एका शिंपेचा इतिहास

आमच्या घरीं पत्र्याचा एक जुना डबा आहे. सदरा फाटला म्हणजे त्याच्या गुंड्या काढून त्या डब्यांत टाकावयाच्या, असा रिवाज आमच्या आजीनें घातला आणि तो पुढें दोन पिढ्या पाळला गेला. परवां एका अंगरख्यासाठीं गुंडी शोधतां शोधतां आम्हीं तो डबा जमिनीवर उपडा केला, आणि सहज गंमत म्हणून गुंड्यांच्या दोन राशी केल्या. एक प्लॅस्टिकच्या गुंड्यांची. दुसरी, पुष्कळ लहान, शिंपल्याच्या गुंड्यांची. हा भेद ओळखण्याची जुनी युक्ति अशी कीं गुंडी ओठाला लावून पाहावी. शिंपल्याची असेल तर ती थंड लागते. शिवाय तिची पुढची बाजू चांदण्यासारखी झळकते, आणि पाठीमागें कधीं कधीं एखादी मळकट तपकिरी रेघ राहून गेलेली असते. ती रेघ म्हणजे त्या प्राण्याच्या कवचावरील सालीचा अवशेष होय.

या गुंड्या कोणत्या पाण्यांतून आल्या हें आतां कोण सांगणार? कांहीं समुद्रांतील शिंपल्यांच्या असतील. बिहारांत, चंपारण्यांतील मेहसी गांवीं, नदीच्या शिंपल्यांपासून गुंड्या करीत. कांहीं तेथल्या असतील. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत जगाच्या बाजारांत शिंपल्याच्या ज्या कोट्यवधि गुंड्या खपल्या, त्यांतील फार मोठा वांटा अमेरिकेंतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्याचा होता. त्या नदींत गुंडीसाठीं विशेष नांवाजलेली जी शिंप, तिची हकीकत आज वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे. वाळूंत अर्धवट रुतून बसणाऱ्या एका मुक्या, नेत्रहीन प्राण्याला इतिहास तो कसला, असें कोणी म्हणेल. पण त्याला इतिहास आहे आणि सनावळीहि आहे. माणसाच्या लोभामुळें हा प्राणी नाहींसा झाला, असा या इतिहासाचा सारांश सामान्यतः सांगण्यांत येतो. तो सारांश अपुरा आहे, असें आमचें मत आहे.

या शिंपेस इंग्रजींत 'एबनीशेल' म्हणजे आबनुशी शिंप असें नांव आहे, व तें यथार्थ आहे. बाहेरून ती आबनुसाच्या लांकडासारखी काळीभोर, आकारानें गोलसर व फुगीर असून पूर्ण वाढलेली शिंप माणसाच्या मुठीएवढी भरते. फिलाडेल्फिया शहरांतील आयझॅक ली या गृहस्थानें १८३१ सालीं तिचें प्रथम शास्त्रीय वर्णन केलें. ली हा पेशानें ग्रंथप्रकाशक. पण गोड्या पाण्यांतील शिंपांचा त्याला असा नाद लागला कीं शेंकडों जातींचीं नांवें त्यानें ठेवलीं. हल्लींचे शास्त्रज्ञ या शिंपेस 'रेजिनाया एबेनस' म्हणतात. तिचें कवच जाड, घट्ट आणि आंतून दुधासारखें शुभ्र असतें. तिच्या साऱ्या दुर्दैवाचें मूळ या शुभ्रतेंत होतें.

लहान ओढे किंवा तळीं तिला मानवत नाहींत. मिसिसिपी, ओहायो, टेनेसी अशा महानद्यांच्या पात्रांत, जेथें पाणी सतत वाहतें आणि तळाशीं वाळू व बारीक गोटे आहेत, तेथें ती राहते. आपल्या मांसल पायानें ती तळांत रुतून बसते, शिंपल्याची कड किंचित् उघडी ठेवते, आणि एका वाटेनें पाणी आंत घेऊन दुसऱ्या वाटेनें बाहेर सोडते. त्या पाण्यांतील सूक्ष्म जीव व कण गाळून घ्यावयाचे, हाच तिचा आहार. अर्थात् हजारों शिंपा जेथें शेजारीं शेजारीं बसल्या आहेत तेथें नदीचें पाणी अहोरात्र गाळलें जात असतें. थंडीच्या दिवसांत वाढ थांबते, उन्हाळ्यांत पुन्हां सुरू होते, आणि प्रत्येक खंडाची एक रेघ कवचावर उमटते. झाडाच्या खोडांतील वलयांप्रमाणें या रेघांवरून तिचें वय काढतां येतें. ती अनेक दशकें जगते. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

एका जागीं बसून राहणाऱ्या या प्राण्याची संतति वाहत्या पाण्यांत टिकते कशी, हा प्रश्न मोठा मनोरंजक आहे. स्वाती नक्षत्राच्या पावसाचा थेंब शिंपेच्या मुखांत पडला म्हणजे मोतीं होतें, ही समजूत आपल्याकडे पुरातन आहे. रोमन ग्रंथकार प्लिनी यानेंहि मोत्याचा संबंध दंवाशीं जोडला आहे. शिंपेच्या पोटांतल्या गोष्टीसाठीं बाहेरच्या कोणाची तरी मदत लागते, ही कल्पना दोन्हीकडे समान आहे. मोत्यापुरती ती खोटी ठरली. पण शिंपेच्या जन्मापुरती ती खरी निघाली. मदत मात्र आकाशांतून येत नाहीं, पाण्यांतून येते.

हें कळावयास पावणेदोनशें वर्षें लागलीं. सूक्ष्मदर्शकाच्या साह्यानें अदृश्य सृष्टि प्रथम पाहणारा डच संशोधक लेव्हेनहूक यानें १६९५ च्या सुमारास शिंपेच्या कल्ल्यांत बारीक पिलें हलतांना पाहिलीं व तीं शिंपेचींच पिलें आहेत हें ओळखलें. परंतु त्या पिलांचा आकार आईहून इतका निराळा कीं १७९७ सालीं राथके नांवाच्या प्राणिशास्त्रज्ञानें त्यांना शिंपेच्या अंगावर जगणारा एक परोपजीवी किडा ठरविलें आणि 'ग्लोकिडियम' असें नांव दिलें. त्या चुकीच्या निदानाचें नांव अद्यापि चालू आहे. शिंपेच्या डिंभास आजहि ग्लोकिडियमच म्हणतात. पुढें १८६६ सालीं लायडिग या जर्मन शास्त्रज्ञास हे डिंभ माशाच्या परांना चिकटलेले आढळले, आणि कोडें सुटलें. राथकेची चूक अर्धी खरी होती. हा जीव परोपजीवी आहे. मात्र शिंपेवर नव्हे, माशावर.

क्रम असा आहे. नराचें रेत पाण्यांत सुटतें. मादी तें श्वासाच्या पाण्याबरोबर आंत घेते. फलित अंडीं तिच्याच कल्ल्यांत वाढतात. आणि ऋतु आला म्हणजे ती हजारों डिंभ पाण्यांत सोडते. प्रत्येक डिंभ म्हणजे डोळ्यांस जेमतेम दिसेल असा, दोन झांकणांचा एक चिमटा. थोड्या दिवसांत योग्य मासा भेटला नाहीं तर तो मरतो. भेटला तर त्याच्या कल्ल्याला मिठी मारतो. त्याच्याभोंवतीं माशाची त्वचा वाढते, आणि त्या आच्छादनाखालीं कांहीं आठवडे राहून तो खरीखुरी शिंप होऊन तळाशीं गळून पडतो. जेथें पडेल तें त्याचें गांव. मासा प्रवाहाविरुद्ध पोहत जातो, म्हणून शिंप नदीच्या वरच्या अंगास पोंचते. एरवीं पाय असून पांगळा असा हा प्राणी केव्हांच वाहून समुद्रास मिळाला असता. 'योग्य' हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. निरनिराळ्या शिंपांचे मासे निरनिराळे. भलत्याच माशाचें शरीर त्या डिंभास झिडकारून टाकतें. आबनुशी शिंपेचा मासा कोणता, हें मात्र विसावें शतक उजाडलें तरी कोणास ठाऊक नव्हतें. तिला बाजारांत नेण्याची तयारी त्यापूर्वींच झाली होती.

हांबुर्गजवळच्या ओटेन्सेन गांवीं योहान बेप्ले नांवाचा एक कारागीर शिंग, हाड व शिंपला कांतून गुंड्या करीत असे. जन्म १८५४ चा. अमेरिकेंतील कोणत्याशा नदीचे कांहीं शिंपले त्याच्या हातीं आले होते, असें सांगतात. धंदा बसला तेव्हां १८८७ सालीं तो त्या नदीच्या शोधार्थ अमेरिकेस गेला. इलिनॉय प्रांतांत नदींत स्नान करीत असतां त्याच्या पायाला कांहीं तरी कापलें. वांकून पाहतो तों तळ शिंपांनीं भरलेला, अशी कथा प्रसिद्ध आहे. १८९० सालीं मॅकिन्ले जकात कायद्यानें परदेशी गुंड्यांवर जबर कर बसला, आणि १८९१ सालीं बेप्लेनें मिसिसिपीच्या कांठीं, आयोवा प्रांतांतील मस्कटीन गांवीं, आपला लहानसा कारखाना काढला. जाड, शुभ्र आणि न तडकणारा असा आबनुशी शिंपेचा शिंपला जणूं त्याचीच वाट पाहत होता.

पुढची वीस वर्षें म्हणजे सोन्याच्या खाणीचीच गोष्ट. मस्कटीनला 'गुंड्यांची राजधानी' म्हणूं लागले; १९०५ सालीं एकट्या त्या गांवांतून दीडशें कोटि गुंड्या निघाल्या असें सांगतात. शिंपा काढण्याची रीत सोपी होती. होडीमागें एक आडवा दांडा ओढावयाचा. त्याला दोऱ्या व दोऱ्यांना तारेचे आंकडे. तळाशीं तोंड उघडून बसलेल्या शिंपेला आंकड्याचा स्पर्श झाला कीं ती घाबरून शिंपले मिटते, आणि तो आंकडाच घट्ट धरून बसते. शत्रूपासून बचावाचा तिचा एकमेव उपाय तिला वर ओढून नेई. कांठावर मोठ्या कढयांत शिंपा शिजवीत. मांस चिवडून मोतीं आहे का पाहत, आणि मग तें डुकरांपुढें टाकीत. शिंपले कारखान्यांत जात. पाण्यांत भिजवून मऊ केलेल्या शिंपल्यांतून नळीसारख्या करवतीनें गोल चकत्या कापीत. त्या घासून, भोंकें पाडून, झिलई देऊन झाल्या म्हणजे घरोघरच्या बायका व मुलें त्या पुठ्ठ्यावर शिवीत. मस्कटीनच्या नदीकांठीं वर्तुळाकार भोंकें पडलेले ते टाकाऊ शिंपले अजून सांपडतात.

या भरभराटीची दुसरी बाजू १९११ सालच्या संपांत जगापुढें आली. ग्रोस म्हणजे बारा डझन. पण कापणाऱ्याकडून चौदा डझन चकत्या मोजून घेत आणि मजुरी बारांची देत, अशी कामगारांची तक्रार होती. धुळीनें भरलेल्या दमट खोल्या आणि करवतीनें गेलेलीं बोटें हीं निराळीं. संप चिघळला, लष्कर आणावें लागलें, आणि अखेर कामगार हरले.

नदीची मोजणीहि अशीच एकतर्फी चालली होती. न्यू बॉस्टन गांवाजवळच्या एकाच शिंपथरांतून १८९६ ते १८९८ या तीन वर्षांत सुमारें १०,००० टन शिंपा निघाल्याची नोंद आहे. नगांच्या हिशेबानें सुमारें दहा कोटि. त्याच नदीच्या खोऱ्यांतील मूळ रहिवासी शतकानुशतकें शिंपा खात आले होते, शिंपल्यांचा चुरा मिसळून भांडीं घडवीत आले होते. त्यानें नदी रिती झाली नव्हती. आतां मात्र थरामागून थर उजाड होऊं लागले. येथवर पाहिलें तर लोभाचा आरोप सिद्ध आहे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु खटला येथें संपत नाहीं.

कारण लोकांना हें दिसत होतें, आणि उपायहि सुरू झाले होते. १९०८ सालीं अमेरिकन काँग्रेसनें मस्कटीनजवळ फेअरपोर्ट येथें शिंपांच्या अभ्यासासाठीं व पैदाशीसाठीं एक जीवशास्त्रीय संशोधनकेंद्र मंजूर केलें. मिसूरी विश्वविद्यालयांतील लफेव्हर व कर्टिस या प्राध्यापकांनीं शिंपांच्या प्रजननाचा सखोल अभ्यास करून १९१२ सालीं तो प्रसिद्ध केला. माशांना टांकींत डिंभांच्या संगतींत ठेवावें, डिंभ चिकटले कीं मासे नदींत सोडावे, असा प्रयोग मोठ्या प्रमाणावर होऊं लागला. ठराविक मापाहून लहान शिंपा काढूं नयेत, नदीचे भाग पाळीपाळीनें बंद ठेवावे, असे निर्बंधहि पुढें कांहीं प्रांतांनीं घातले. भागीदारांशीं न पटल्यामुळें स्वतःच्याच कारखान्यांतून बाहेर पडलेला बेप्ले उतारवयांत या सरकारी कामावर लागला. ज्या शिंपांची लूट त्यानें आरंभिली होती, त्यांच्याच कामीं तो नदींत उतरला असतां त्याचा पाय शिंपल्यानें कापला, जखम विषारली, आणि जानेवारी १९१२ मध्यें तो मरण पावला. नाटककारानें असा शेवट लिहिला असता तर आपण तो कृत्रिम म्हटला असता.

फेअरपोर्टच्या संशोधकांनीं आबनुशी शिंपेचा मासाहि शोधून काढला. नदींतल्या माशांचे कल्ले तपासतां तपासतां त्यांस असें आढळलें कीं तिचे डिंभ 'स्किपजॅक हेरिंग' या माशावर असतात. आर्थर हॉवर्ड या संशोधकानें त्या माशावर ते मुद्दाम चिकटवून पाहण्याचा प्रयोग करून १९१७ सालीं त्याचा वृत्तांत दिला. हा मासा रुपेरी, चपळ, पाण्याबाहेर उड्या मारणारा. वसंत ऋतूंत थव्यांनीं नदीच्या वरच्या अंगास शेंकडों मैल जाणारा. पण अंगांत कांटे फार, आणि हाताळणी सोसत नाहीं इतका नाजूक. कोळ्यांना त्याची किंमत नव्हती. टांकींतील पैदाशीसहि तो निरुपयोगी. ज्याला बाजारांत कोणी विचारीत नसे त्या माशाच्या गळसरींत त्या काळच्या एका मोठ्या धंद्याचें भवितव्य अडकलें होतें, आणि त्याचा पत्ता लागत होता तों नदीचें दार बंद झालें.

मस्कटीनच्या खालीं सुमारें नव्वद मैलांवर किओकक येथें मिसिसिपीला पाऊण मैलाहून अधिक लांबीचें एक धरण १९१० पासून बांधलें जात होतें. ह्यू कूपर हा त्याचा इंजिनियर. १९१३ सालीं तें पुरें झालें, तेव्हां तेथील जलविद्युत्-केंद्र जगांतील सर्वांत मोठ्या केंद्रांत गणलें गेलें, आणि सेंट लुइस शहरापर्यंत वीज पोंचली. हा पराक्रमच होता. त्याची थोरवी कमी करण्याचा आमचा हेतु नाहीं. दक्षिणेकडून वर येणारे हेरिंगचे थवे मात्र धरणाच्या पायथ्याशीं येऊन थांबले. पुरांत दरवाजे उघडले म्हणजे एखादा चुकार मासा वर जाई, एवढेंच. फेअरपोर्टचा संचालक रॉबर्ट कोकर यानें १९१४ सालींच धरण, मासे आणि शिंपा यांच्या संबंधावर लेख प्रसिद्ध केला होता. पंधरा वर्षांनीं त्यानें पुन्हां पाहणी केली तेव्हां किओककच्या वर हेरिंग जवळ जवळ दिसेनासा झाला होता.

आणि शिंप? तिला कांहींच झालें नाहीं. यांतच या कथेंतील विलक्षण गोष्ट आहे. १९१३ सालीं जी शिंप नदीच्या तळाशीं बसलेली होती ती १९१४ सालीं तशीच बसलेली होती, आणि पकडणाऱ्याच्या आंकड्यांतून वांचली असेल तर १९४० सालींहि. दर उन्हाळ्यांत ती गर्भवती होई, दर उन्हाळ्यांत हजारों डिंभ पाण्यांत सोडी, आणि ते सारे वाट पाहून मरत. कोणी वरून पाहिलें असतें तर त्यास शिंपा दिसल्या असत्या, आणि नदींत शिंपा आहेत असेंच त्यानें लिहून ठेवलें असतें. त्यांत लहान एकहि नाहीं, हें पाहण्यास वयाच्या रेघा मोजाव्या लागल्या असत्या. एखाद्या वाड्यांत फक्त म्हातारीं माणसें उरावीं, पाळणा वर्षानुवर्षें हलूं नये, आणि तरी संध्याकाळीं दिवा लागतो म्हणून गांवानें तें घर नांदतें समजावें, तसें हें झालें. पुढें नदीवर जहाजांच्या सोयीसाठीं आणखी धरणें झालीं, शेतांतील माती वाहून येऊन तळ गाळानें भरला. पण वरच्या मिसिसिपींतील या जातीचा वंश त्यापूर्वींच खुंटला होता. मिनेसोटा प्रांतांत अलीकडच्या काळांत हुडकून हुडकून कांहीं थोड्या अतिवृद्ध शिंपा मिळाल्या. तेथें ती आज संकटग्रस्त प्राण्यांच्या यादींत आहे.

ती सर्वस्वी नष्ट झाली असें मात्र नव्हे. टेनेसीसारख्या दक्षिणेकडील नद्यांत, जेथें हेरिंग पोंचतो, तेथें ती आजहि नांदते. आणि तिच्या शिंपल्याला १९५० नंतर नवेंच गिऱ्हाईक मिळालें. कृत्रिम रीत्या मोतीं पिकविणारे जपानी व्यापारी समुद्रांतील कालवाच्या पोटांत बीज म्हणून जो मणि घालतात, तो अमेरिकेंतील नदीच्या शिंपल्यांचा कांतलेला असतो. गुंडीचा धंदा प्लॅस्टिकनें बुडविला. १९६० नंतरच्या दशकांत मस्कटीनच्या शेवटच्या करवती थांबल्या. म्हणजे कायद्यांनीं व प्रयोगशाळेनें जें साधलें नाहीं तें बाजारानेंच केलें, आणि शिंपेला माणसानें सोडून दिलें. पण किओककच्या वर तिचा मासा परत आला नाहीं, म्हणून तीहि परत आली नाहीं. लोभ हेंच एकमेव कारण असतें तर लोभ संपल्यावर नदी भरावयास हवी होती. आमच्या मतास हाच मुख्य आधार आहे.

तर मग दोष कोणाचा? आम्हांस असें वाटतें कीं या गोष्टींत अज्ञान जितकें दोषी आहे त्याहून ज्ञानाची वांटणी अधिक दोषी आहे. शिंपेविषयीं जाणणारे लोक फेअरपोर्टला होते, पाण्याविषयीं जाणणारे किओककला होते, आणि दोघांमध्यें केवळ शंभर मैलांची नदी होती. शिंपेचें रक्षण करावयाचें म्हणून सर्वांनीं शिंपाच मोजल्या. तिच्या आयुष्याचा एक तुकडा एका माशाच्या देहांत आहे, आणि त्या माशाची वाट म्हणजे सबंध नदी आहे, हें कळलें तेव्हां तें अहवालांत छापलें गेलें. धरणाच्या नकाशावर तें कोणी काढलें नाहीं. उत्तर अमेरिकेंत गोड्या पाण्यांतील शिंपांच्या सुमारें तीनशें जाती आहेत. १९९३ सालच्या एका पाहणींत त्यांतील शेंकडा सत्तराहून अधिक जाती नष्ट, संकटांत किंवा चिंतेच्या स्थितींत आढळल्या. २०२३ सालीं अमेरिकन सरकारनें ज्या २१ प्राणिजाती नष्ट झाल्याचें जाहीर करून संरक्षणाच्या यादींतून वगळल्या, त्यांत आठ शिंपा होत्या.

हें सर्व दूरदेशींचें आहे असें समजून वाचकांनीं निश्चिंत होऊं नये. हेरिंगच्याच जातकुळींतला आपल्याकडील मासा हिलसा. समुद्रांतून गंगेंत शिरून तो एके काळीं अलाहाबादपर्यंत जात असे. १९७५ सालीं फराक्का येथील बांध पुरा झाला आणि वरच्या गंगेंतील हिलसा जवळ जवळ संपला. महाराष्ट्रांतील नद्यांतहि शिंपा आहेत, त्यांचे डिंभहि माशांच्याच आश्रयानें वाढतात, आणि धरण नाहीं अशी मोठी नदी आपल्याकडे विरळा. धरणें बांधूं नयेत असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांचें पाणी आम्हीहि पितों. बांधण्यापूर्वीं त्या पाण्यांतून कोण येतें जातें एवढें विचारावें, इतकेंच म्हणणें आहे.

डबा आम्हीं पुन्हां भरून ठेवला. हवी असलेली गुंडी लहान राशींत मिळाली. तिच्या पाठीवर एक तपकिरी रेघ होती. भिंगाखालीं धरून पाहिली तेव्हां ती एक नसून तीन होत्या, एकीशेजारीं एक. कोणत्या नदीचे आणि कोणत्या सालचे ते तीन उन्हाळे असतील, कोण जाणे.